लिपिडची पुडी पेशीत शिरते, पण सुटते कशी?

कोविडच्या लसीत मायक्रोचिप आहे, टोचलेल्या दंडाला लोहचुंबक चिकटतं, असले मेसेज अजून फिरतात. परवा एका चांगल्या शिकलेल्या माणसानं मला हेच गंभीरपणे विचारलं, म्हणून लिहायला बसलो. फायझर आणि मॉडर्नाच्या लसीत चिप नाही, लोखंडही नाही. आहे तो एमआरएनए, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायची कृती सांगणारा आरएनएचा रेणू, आणि त्याच्याभोवती लिपिड, म्हणजे चरबीच्या जातीचे चार पदार्थ. त्यातला एक जे करतो ते समजलं की माणूस थक्क होतो.

थोडं मागे जाऊ. लिपिडच्या रेणूचं डोकं पाण्याला धरून असतं आणि शेपट्या पाण्यापासून पळतात, हे शाळेत झालंय. असे रेणू पाण्यात घातले की शेपट्या आत लपवून आपोआप दुपदरी पडदा तयार होतो, तो वळून त्याचा गोळा होतो आणि पोटात पाणी राहतं. याला लायपोसोम म्हणतात. अ‍ॅलेक बँगहॅम यांनी 1960च्या दशकात केंब्रिजजवळच्या बाब्रहममध्ये हे गोळे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ओळखले. 1995 मध्ये अमेरिकेत डॉक्सिलला मंजुरी मिळाली, त्यात डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध साधारण 100 नॅनोमीटरच्या लायपोसोममध्ये भरलेलं असतं. नुसतं डॉक्सोरुबिसिन हृदयाला इजा करतं, पण गोळ्यात भरलं की हृदयाच्या घट्ट विणीच्या रक्तवाहिन्यांमधून ते सहज बाहेर पडत नाही आणि तो धोका कमी होतो.

आरएनएचं दुखणं वेगळं. तो लांबलचक, ऋण भाराचा, आणि रक्तातली एन्झाइम्स त्याचे बघता बघता तुकडे करतात. म्हणून त्याला लिपिडच्या कणात गुंडाळतात, हा कण लायपोसोमसारखा पोकळ नसतो, आत लिपिड आणि आरएनए दाटून बसलेले असतात. पेशी असा कण गिळते. लोकांना वाटतं झालं, पोचलं औषध. पण खरी मेख पुढे आहे. गिळलेला कण एंडोसोम नावाच्या पिशवीत अडकलेला असतो आणि ती पिशवी हळूहळू आम्लधर्मी होत जाते, पीएच 7.4 वरून 6, मग 5 च्या आसपास, आणि शेवटी तिचा माल पचवला जातो. त्याआधी सुटलं तर ठीक, नाहीतर आरएनए गेला.

इथे सुरुवातीला म्हटलेलं, चारांतलं ते खास लिपिड कामाला येतं. रक्तात त्याच्यावर जवळजवळ भार नसतो, आणि ते मुद्दाम तसं बनवलंय, कारण कायम धन भार असलेली लिपिड रक्तातल्या प्रथिनांना चिकटतात आणि पेशींना त्रास देतात. पीएच साडेसहाच्या खाली आला की त्याचं डोकं प्रोटॉन पकडतं आणि त्याच्यावर धन भार येतो. एंडोसोमच्या पडद्यातली काही लिपिड ऋण भाराची असतात, दोघांची जोडी जमते, आणि या जोडीचा आकार शंकूसारखा होतो, डोकं लहान, शेपट्या फाकलेल्या. सपाट पडदा टिकायला रेणू नळकांड्यासारखे सरळ लागतात, शंकू एकमेकांशेजारी रचले तर सपाट बसतच नाहीत, पडदा वाकतो, तिथे त्याची रचना मोडते आणि आरएनए पेशीरसात उतरतो. म्हणजे ज्या आम्लानं त्याचा नाश व्हायचा तेच त्याचं कुलूप उघडतं! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या रात्री दुसरं काही सुचलं नव्हतं.

तरीही बहुतेक आरएनए पिशवीतच अडकून वाया जातो, प्रयोगांत मोजलेली सुटका बहुतेकदा काही टक्क्यांचीच निघते.

मध्येच एक सांगतो. 'लायपोसोमल' किंवा 'नॅनो' असं लिहिलेलं म्हणून कुठलंही सप्लिमेंट महाग घेऊ नका. तोंडावाटे घेतलेल्या लिपिडच्या गोळ्याची गाठ आतड्यात पित्त आणि चरबी पचवणाऱ्या लायपेज या एन्झाइमशी पडते, ते पार करून तो पेशीपर्यंत अख्खा पोचतो हा दावा करणाऱ्यानं पुरावा द्यावा.

दुसरी अडचण पत्त्याची. शिरेतून दिलेले हे कण रक्तातलं एपोई नावाचं प्रथिन अंगावर ओढून घेतात, आणि यकृताच्या पेशी ते ओळखून कण आत घेतात. ज्या आजारांचं मूळ यकृतात आहे त्यांना हे वरदान, 2018 साली मंजूर झालेलं पॅटिसिरान हे आरएनएचं औषध याच वाटेनं जातं. फुफ्फुसांत पोचवायचं तर वेगळी युक्ती लागते, आणि उंदरांमध्ये दिसलंय की कणात कायम धन भाराचं पाचवं लिपिड पुरेशा प्रमाणात मिसळलं की माल यकृताऐवजी मुख्यतः फुफ्फुसात उतरतो, म्हणजे जे लिपिड आधी त्रासदायक म्हणून बाजूला काढलं होतं तेच आता पत्ता बदलायला वापरतायत.