जुना पी. बी. रोड : दृश्यवारसा व त्याचे जतन (बेळगाव सीमाभाग)

पुणे–बंगळूर रस्त्याचा निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कित्तूर या पट्ट्यातील मूळ मार्ग आणि त्याच्या कडेचे मैलाचे दगड, हाताने लिहिलेल्या पाट्या व रंगवलेल्या भिंती. हा मार्ग पुढे राष्ट्रीय महामार्ग ४ झाला. २०१० च्या फेरक्रमांकनानंतर तो ४८ आहे. चौपदरीकरणात बाह्यवळणे निघाली आणि गावांतले तुकडे ‘जुना पी. बी. रोड’ म्हणून मागे राहिले.

मैलाच्या दगडांचा काळ ठरवणे अवघड आहे. बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला व पुढे तेथे लष्करी छावणी वसली. त्यामुळे काही दगड लष्करी वाटेच्या काळातले मानण्याचा मोह होतो. तथापि ठरावीक अंतरावर एकाच घडणीचे दगड रोवणे हे नियमित बांधकाम खात्याचे काम वाटते आणि असे खाते १८५४-५५ नंतरच उभे राहिले. म्हणून एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध अधिक संभाव्य दिसतो. अलीकडची मर्यादा मात्र पक्की आहे. वजनमापांचा कायदा १९५६ चा. त्यानंतर, साठच्या दशकात, मैलांची जागा किलोमीटरने घेतली. पुष्कळदा दगड तोच राहिला व अंक वरून रंगवले गेले. पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा. तैलरंग खरवडून खालचे कोरीव अंक शोधू नयेत, त्यात दगडाची कड जाते. घडणही पाहावी: निपाणीकडे काळा बेसाल्ट, खानापूरच्या बाजूस सच्छिद्र जांभा, ज्यावर बारीक अक्षर टिकत नाही.

पाट्यांच्या बाबतीत लिपी हा पुरावा जपून वापरावा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जिल्हा मुंबई राज्यात होता, पण खानावळी व दुकानांवरची देवनागरी नंतरही चालू राहिली. सरकारी पाटीवर ‘बेळगाव’ असेल तर ती बहुधा १ नोव्हेंबर २०१४ पूर्वीची, कारण त्या दिवसापासून अधिकृत नाव बेळगावी झाले. फलकांवर ६० टक्के कन्नड हवे, हा राज्याचा २०२४ चा नियम आल्यामुळे जुन्या देवनागरी पाट्यांची छायाचित्रे आताच घेणे निकडीचे आहे. निपाणी ही तंबाखूची पेठ, तेव्हा तिकडच्या विडी-तंबाखूच्या भिंती आधी नोंदवाव्यात.

झिजलेली अक्षरे सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतात. भिंतीसाठी ढगाळ उजेड व समोरून घेतलेली चौकट बरी. खडू किंवा तेल लावू नये. मोजपट्टी, रंगपट्टी, अक्षांश-रेखांश, तारीख आणि दगडाचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे सारे नोंदवावे. जागेवरून हललेल्या दगडावरचे अंतर निरर्थक ठरते. तो संग्रहालयात सुरक्षित राहील, पण रस्त्याचा पुरावा राहणार नाही. म्हणून जतन शक्यतो जागेवरच व्हावे.

१९५८ च्या केंद्रीय कायद्याची प्राचीन स्मारकांसाठीची अट शंभर वर्षांची आहे. हाती रंगवलेल्या बहुतेक भिंती त्यात बसत नाहीत. त्यांचे राहणे घरमालकाच्या मर्जीवर असते.