पाव वाळत नाही, शिळा होतो

कोल्हापुरात मिसळीबरोबर लादीपाव क्वचितच येतो. इथे मिसळीचा पाव म्हणजे स्लाइस. रविवारी घरी मिसळ केली की मोठा पुडा आणला जातो, कट संपतो आणि सात-आठ स्लाइस उरतात. त्या पुड्यासकट फ्रीजमध्ये जातात, कारण फ्रीजमध्ये ठेवलेली वस्तू टिकते हे आपण गृहीत धरलेले असते. सोमवारी संध्याकाळी चहाबरोबर त्याच स्लाइस काढल्या की त्या कोरड्या लागतात, दुमडताना मधोमध चिरतात आणि बशीत भुगा पडतो. "पाव वाळला," असे घरातले कोणीतरी म्हणते आणि विषय संपतो. मात्र पुड्याचे तोंड घट्ट बांधलेले असेल, तर त्या पावातले पाणी जवळजवळ तेवढेच असते. पाव वाळलेला नसतो, तो शिळा झालेला असतो, आणि या दोन गोष्टी पूर्णपणे वेगळ्या आहेत.

मी घरी पाव भाजते, त्यामुळे ही शंका मला बरीच वर्षे छळत होती. अखेर गेल्या पावसाळ्यात एकाच पावाच्या तीन सारख्या जाडीच्या स्लाइस कापल्या, प्रत्येकीचे वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर केले आणि तीन घट्ट झाकणांच्या डब्यांत त्या बंद केल्या. एक डबा ओट्यावर राहिला, दुसरा फ्रीजमध्ये आणि तिसरा फ्रीझरमध्ये गेला. दोन दिवसांनी वजनात एका ग्रॅमचाही फरक नव्हता. ओट्यावरची स्लाइस थोडी घट्ट झाली होती, पण दुमडत होती. फ्रीझरमधली अर्धा तास बाहेर ठेवल्यावर अंगठ्याने दाबली तर खळगा पडून पुन्हा भरून आला. फ्रीजमधली मात्र दुमडताच कडेपासून कडेपर्यंत फाटली. म्हणजे सर्वांत थंड जागेतली आणि सर्वांत उबदार जागेतली स्लाइस बरी राहिली, आणि मधल्या तापमानातली बिघडली. पाव नुसता वाळत असता तर असे घडले नसते.

हा प्रयोग काही नवा नाही. जाँ-बाप्तिस्त बूसँगो या फ्रेंच कृषिरसायनशास्त्रज्ञाने 1852 साली दाखवून दिले होते की ओलावा बाहेर जाऊ न देताही पाव शिळा होतो, आणि असा पाव सुमारे 60 अंश सेल्सिअसपर्यंत तापवला तर तो पुन्हा मऊ होतो. यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. पाणी उडून गेले असते तर तापवल्याने ते परत आले नसते. ज्या अर्थी उष्णतेने पाव पूर्ववत होतो, त्या अर्थी पाणी आतच होते आणि बिघाड त्याच्या मांडणीत होता.

ती मांडणी समजण्यासाठी स्टार्चच्या कणात शिरावे लागते. मैद्याचा सुमारे 70 टक्के भाग स्टार्चचा असतो. गव्हाच्या दाण्यात हा स्टार्च सूक्ष्म कणांच्या रूपात साठवलेला असतो. मोठे कण मसुरीच्या आकाराचे, पण 20 ते 35 मायक्रोमीटर व्यासाचे, आणि त्यांच्यामध्ये लहान गोल कण. प्रत्येक कणात ग्लुकोजच्या साखळ्यांचे दोन प्रकार असतात. अमायलोज ही लांब आणि जवळपास सरळ साखळी, तर अमायलोपेक्टिन म्हणजे फांद्या फुटलेले प्रचंड झाड. गव्हात अमायलोज साधारण चौथा हिस्सा आणि बाकीचे अमायलोपेक्टिन असते. कच्च्या कणात अमायलोपेक्टिनच्या फांद्या दोन-दोन अशा एकमेकींना पीळ घालून, शेजारीशेजारी, दाटीने रचलेल्या असतात. म्हणून मैदा थंड पाण्यात कितीही ढवळला तरी त्याची खळ होत नाही. पाण्याला त्या रचनेत शिरायला वावच नसतो.

भट्टीत तापमान 60 अंशांच्या आसपास गेले की हे पीळ सुटू लागतात. पाणी आत शिरते, कण फुगतात, अमायलोजच्या काही साखळ्या कणाबाहेर पाझरतात. मोदकाची उकड काढताना पिठी एकाएकी चकचकीत आणि चिकट होते, तो नेमका हाच क्षण. ज्वारीच्या पिठात गव्हासारखे चिवट ग्लुटेन नसते, तरीही भाकरी थापता येते ती पिठात आधणाचे पाणी घालून थोडा स्टार्च असा फुगवून घेतल्यामुळेच. पाव भाजून निघतो तेव्हा आतला गाभा सुमारे 95 अंशांवर पोहोचलेला असतो आणि त्यातला स्टार्च मऊ, अस्ताव्यस्त आणि पाण्याने भरलेला असतो. ताज्या पावाचा मऊपणा बव्हंशी या अस्ताव्यस्तपणाचा असतो.

पाव थंड होऊ लागताच साखळ्या पुन्हा एकमेकींना शोधू लागतात. याला रेट्रोग्रेडेशन म्हणतात. मराठीत 'पूर्वरूपाकडे परतणे' म्हणता येईल, मात्र स्टार्च अगदी मूळ रूपात परत जात नाही. आधी अमायलोज जुळते. सरळ साखळ्यांना शेजारी येणे सोपे असते, त्यामुळे हे काम काही तासांतच आटोपते. गरम पाव सुरीने नीट कापला जात नाही आणि निवलेला कापला जातो, याचे श्रेय या जाळ्याला आहे. अमायलोपेक्टिनच्या आखूड फांद्या मात्र सावकाश, काही दिवसांच्या अवधीत, पुन्हा जोडीजोडीने पीळ घालतात आणि स्फटिक बनवतात. शिळेपण ते हेच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डच शास्त्रज्ञ जे. आर. कात्स यांनी ताज्या आणि शिळ्या पावावर क्ष-किरण टाकले, तेव्हा दोन्हींचे चित्र वेगवेगळे आले. शिळ्या पावात स्फटिकांची जी खूण दिसली, ती ताज्यात नव्हती.

या स्फटिकांची रचना मला फार आवडते, म्हणून येथे थोडे थांबते. पीळ घातलेल्या जोड्या षटकोनाच्या भिंतींसारख्या उभ्या राहतात आणि मध्ये एक पोकळ नळी उरते. त्या नळीत पाणी भरलेले असते. स्फटिकाच्या एका एकक पेटीत, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या त्याच्या सर्वांत लहान चौकटीत, पाण्याचे 36 रेणू मोजले गेले आहेत. म्हणजे जे पाणी काल साखळ्यांमध्ये मोकळे फिरून त्यांना लवचिक ठेवत होते, ते आज स्फटिकाच्या नळीत जाऊन बसले आहे. काट्यावर ते दिसते, जिभेला लागत नाही. घट्ट बंद पुड्यातला पाव कोरडा का लागतो, याचे उत्तर या नळीत आहे.

आता फ्रीजचा प्रश्न. कोणताही स्फटिक बनण्यासाठी दोन कामे व्हावी लागतात. प्रथम काही साखळ्या योगायोगाने जुळून बीज तयार व्हावे लागते, आणि मग इतर साखळ्या सरकत येऊन त्या बीजावर रचल्या जाव्या लागतात. बीज तयार होण्याला थंडी मानवते, कारण उष्णतेच्या धडपडीत नुकतीच जुळलेली जोडी लगेच सुटते. बीज वाढण्याला मात्र ऊब लागते, कारण गारठ्यात साखळ्या सरकतच नाहीत. स्फटिक वितळण्याच्या बिंदूजवळ, म्हणजे 50-60 अंशांपाशी, साखळ्या भरपूर हलतात पण बीजच टिकत नाही. शून्याच्या बरेच खाली उरलेले पाणीसुद्धा इतके घट्ट होते की साखळ्या जागच्या जागी थिजतात. बीजे असली तरी ती वाढत नाहीत. या दोन टोकांच्या मध्ये, दोन्ही कामांचा गुणाकार जिथे सर्वांत मोठा होतो, ते तापमान शून्याच्या थोडे वर येते. घरातला फ्रीज साधारण 4 अंशांवर असतो. पाव शिळा करण्याचे यंत्र कोणी मुद्दाम बनवायला बसले असते, तर त्याने हेच तापमान निवडले असते. येथवर वाचताना दमछाक झाली असेल तर एवढेच धरून ठेवावे: खोलीत पाव हळू शिळा होतो, फ्रीजमध्ये झपाट्याने, आणि फ्रीझरमध्ये जवळपास होतच नाही.

अर्थात फ्रीजची बाजूही सांगितली पाहिजे. जुलैतल्या कोल्हापुरात पंचगंगेचे पाणी वाढत असते, कपडे दोरीवर दोन-दोन दिवस ओले राहतात आणि ओट्यावरच्या पावावर तिसऱ्या दिवशी हिरवट-काळे ठिपके उमटतात. बुरशीला फ्रीज नक्कीच रोखतो. बुरशी लागलेला पाव 'तेवढा भाग काढून' खाऊ नये, कारण तिचे तंतू ठिपक्याच्या बरेच पलीकडे पसरलेले असतात. पावसाळ्यात उरलेला पाव फ्रीझरमध्येच टाकावा, म्हणजे बुरशी आणि स्फटिक ही दोन्ही संकटे टळतात.

फ्रीजबद्दल आपल्याकडे दुसरेच काही सांगितले जाते. मळलेली कणीक फ्रीजमध्ये ठेवू नये, तिचा गोळा पिंडासारखा दिसतो आणि त्यामुळे घरात अतृप्त आत्मे येतात, असा संदेश दर काही महिन्यांनी मोबाइलवर फिरत येतो. फ्रीजमधल्या कणकेत जे काही होते ते विकरांचे (एन्झाइमचे) आणि सूक्ष्मजीवांचे काम आहे. कणीक काळपट पडते आणि दोन दिवसांनी आंबूस होते, याहून अधिक पारलौकिक त्यात काही नाही. या अंधश्रद्धेइतकीच मला तिची नवी, इंग्रजी शिकलेली बहीण खटकते. भात शिजवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, मग कितीही खा, साखर वाढणार नाही, असे सांगणारे व्हिडिओ सध्या जोरात आहेत. यात सत्याचा अंश आहे. थंड झालेल्या भातात काही स्टार्चचे, विशेषतः अमायलोजचे, असे स्फटिक होतात की आपल्या पाचकरसांना ते सहज फोडता येत नाहीत. पण हा हिस्सा लहान असतो आणि उरलेला सगळा भात भातच राहतो. मधुमेह असलेल्या माणसाने या भरवशावर दुसरी मूद वाढून घेणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. त्यातही भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणी देणे धोक्याचे, कारण बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात, कोमट भातात वाढतात आणि त्यांचे एक विष फोडणीच्या उष्णतेनेही नष्ट होत नाही. उरलेला भात लवकर निववून फ्रीजमध्ये ठेवावा. फोडणीच्या भाताला तसाही थंडावलेला भातच लागतो. स्टार्च घट्ट झालेला असल्याने शिते मोकळी राहतात, तर ताज्या भाताचा परतताना गोळा होतो.

बाजारातला पाव चार दिवस मऊ राहतो आणि घरचा दुसऱ्या दिवशी घट्ट होतो, ही घरी भाजणाऱ्यांची कायमची तक्रार. त्याचे उत्तर शाळेतल्या एका प्रयोगात आहे. बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकले की ती निळी-काळी होते, कारण अमायलोजची साखळी मळसूत्रासारखी वळते आणि आयोडीन त्या वेटोळ्यांच्या आत जाऊन बसते. त्याच पोकळीत स्निग्धाम्लाची, म्हणजे तेला-तुपातल्या फॅटी ॲसिडची, लांब शेपटीही बसू शकते. बाजारच्या पावात अशी शेपटी असलेले ग्लिसरिल मोनोस्टिअरेटसारखे पदार्थ घातलेले असतात, ते असे आत शिरले की त्या साखळीला दुसरीशी जुळायला मोकळीक राहत नाही. काही बेकऱ्या अशी विकरेही वापरतात जी अमायलोपेक्टिनच्या फांद्यांची टोके कापून आखूड करतात. यात घाबरण्यासारखे काही नाही. घरी तूप, दूध किंवा थोडा गूळ घातला तरी शिळेपण लांबते. गुळात उसाच्या साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात आणि ती पाणी धरून ठेवतात. 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालेला गूळ आपल्या गावात हाताशी असताना पावात पांढरी साखर का घालावी, हे मला तरी कळलेले नाही; रंग थोडा तांबूस येतो, एवढेच.

शिळा पाव पुन्हा मऊ करण्याची रीत बूसँगोने सांगितली तीच आहे. अमायलोपेक्टिनचे स्फटिक 60 अंशांच्या आतबाहेर वितळतात, त्यामुळे तवा मंद तापवून, स्लाइसवर पाण्याचा हलका हबका मारून, वर झाकण ठेवले की दोन मिनिटांत काम होते. संध्याकाळी टणक झालेला मोदक वाफवल्यावर पुन्हा लुसलुशीत होतो, तोही याच हिशेबाने. अमायलोजचे स्फटिक वितळायला मात्र शंभराच्या बरेच वर जावे लागते, म्हणून ते जाळे तसेच राहते. हा मऊपणा फार वेळ टिकत नाही. निवताना फांद्या पुन्हा जुळू लागतात, म्हणून असा पाव गरम असतानाच संपवावा.

मिसळीच्या बाबतीत मात्र मी हल्ली तवाही ठेवत नाही. अगदी ताजी स्लाइस कटात बुडवली की तिचा लगदा होतो आणि अर्धी वाटीतच राहते. कालची, ओट्यावरच्या डब्यातली स्लाइस बुडवली तर ती आधी ताठ राहते आणि कट कडेकडेने वर चढताना दिसतो. कट चांगला कढत असेल तर तेवढ्या उष्णतेनेच स्फटिक वितळतात, आणि तांबडी, तेलाने चकाकणारी स्लाइस न तुटता तोंडापर्यंत येते.