पातळ लॅपटॉप, तांब्याची नळी आणि परभणीचा मे महिना

एप्रिलच्या शेवटी भाचीचा फोन आला. ती छत्रपती संभाजीनगरला आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "मामा, सव्वा लाखाचा एक लॅपटॉप पाहिलाय. वजन सव्वा किलो, वहीसारखा पातळ. बाबा म्हणायलेत, मामाला विचार. घेऊ का?"

मी विचारलं, "काम कुठं बसून करणार?"

तिला वाटलं मी विषय बदलतोय. पण मला खरंच तेवढंच जाणून घ्यायचं होतं. खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब, एसी नाही. सुट्टीत परभणीला आली की घरीही तीच गत. लॅपटॉपच्या जाहिरातीत प्रोसेसरचं नाव असतं, रॅम असते, पडदा असतो. खोलीचं तापमान नसतं. पातळ लॅपटॉपच्या बाबतीत मात्र सगळा हिशेब तिथूनच सुरू होतो.

आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे. प्रोसेसरचं नाव तेच असेल तर वेगही तोच, आणि पैसे जास्त मोजले तर वेग जास्त. दोन्ही चूक. तीच चिप, म्हणजे तोच प्रोसेसर, एका लॅपटॉपमध्ये १५ वॅटवर चालवलेली असते, दुसऱ्यात २८ वर. कितीवर चालवायची हे कंपनी ठरवते, आणि ते ठरवताना एकच गोष्ट बघते: तयार झालेली उष्णता या डब्यातून बाहेर काढता येईल का?

चिप शेवटी शेगडीच असते. तिला दिलेली जवळपास सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. आकडेमोड झाली, चित्र उमटलं, तरी उष्णता तेवढीच. १५ वॅट आत गेले की १५ वॅट बाहेर काढावेच लागतात. आणि ही शेगडी बोटाच्या नखाएवढी. देवघरातल्या शून्याच्या बल्बइतकी वीज, पण नखाएवढ्या जागेत. ती उष्णता तिथून हलली नाही तर चिप काही सेकंदांत शंभर अंशांना भिडते. बहुतेक प्रोसेसरची कमाल मर्यादा त्याच्याच आसपास असते. ती गाठली की चिप स्वतःहून वेग उतरवते. बिघाड नसतो तो, ती जीव वाचवत असते.

मग उष्णता पंख्यापर्यंत न्यायची कशी? इथं मला थोडा वेळ थांबू द्या, कारण या यंत्रातला मला सगळ्यात प्रिय भाग हाच आहे.

पहिला विचार येतो तांब्याचा. तांबं उष्णता उत्तम वाहून नेतं, म्हणून चिपपासून कडेच्या पंख्यापर्यंत तांब्याची कांब टाकावी. गणित करून बघा. सहा मिलिमीटर जाडीची, पंधरा सेंटिमीटर लांबीची भरीव कांब घेतली, तर तिच्यातून १५ वॅट वाहायला दोन टोकांच्या तापमानात जवळजवळ २०० अंशांचा फरक लागतो. म्हणजे पंख्याकडचं टोक ४० अंशांवर ठेवायचं, तर चिपकडचं २४० वर जाईल. चिप केव्हाच जळून गेलेली असेल.

म्हणून लॅपटॉपमध्ये भरीव कांब नसते, पोकळ नळी असते. या नळीतली हवा काढून टाकतात, आत थोडंसं शुद्ध पाणी सोडतात आणि दोन्ही टोकं बंद करतात. सव्वा लाखाच्या यंत्राच्या पोटात पाणी असतं, हे सांगितलं की माझ्या वर्गातली मुलं आधी हसतात.

हवा का काढायची? पाणी शंभर अंशांना उकळतं हे शाळेत शिकलो, पण ते वातावरणाच्या दाबाखाली. कुकरमध्ये दाब वाढतो, तिथं ते उशिरा उकळतं. हिमालयात दाब कमी, तिथं लवकर. नळीत हवाच नाही, तर पाण्यावर दाब फक्त त्याच्या स्वतःच्या वाफेचा. त्यामुळे ते चाळीस अंशांनाही वाफ व्हायला तयार असतं. चिपकडचं टोक जरा तापलं की तिथलं पाणी वाफ होतं. तिथला वाफेचा दाब किंचित वाढतो आणि वाफ झपाट्याने पंख्याकडच्या थंड टोकाला धावते. तिथं तिचं परत पाणी होतं आणि वाफ होताना शोषलेली सगळी उष्णता ती तिथं टाकते.

वाफ किती उष्णता घेते, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आपला माठ त्याच्यावरच चालतो. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला ४.२ जूल लागतात. तेच एक ग्रॅम पाणी चाळीसएक अंशांना वाफ करायचं तर सुमारे २४०० जूल. पावणेसहाशे पट! माठाच्या अंगातून पाझरलेलं थोडं पाणी वाफ होताना आतल्या सगळ्या पाण्याची उष्णता ओढून नेतं. माठाची वाफ अंगणात निघून जाते, नळीतली वाफ मात्र कोंडलेली असते. तीच परत पाणी होते आणि परत कामाला लागते.

आता १५ वॅट म्हणजे सेकंदाला १५ जूल. त्याला २४०० ने भागा. सेकंदाला सहा मिलिग्रॅम पाणी. पाण्याचा एक थेंब साधारण पन्नास मिलिग्रॅमचा धरला, तर आठ सेकंदांत एक थेंब वाफ होऊन गेला आणि पाणी होऊन परतला की झालं. जिथं भरीव तांब्याला २०० अंशांचा फरक लागत होता, तिथं या नळीला थोड्याच अंशांचा पुरतो.

परतला म्हणालो, पण परतला कसा? नळी आडवी असते, उतार नसतो. तिथं समईची वात आठवा. तेल खाली आणि ज्योत वर, तरी तेल वातीच्या बारीक धाग्यांमधून चढतंच. नळीच्या आतल्या भिंतीवर तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर भाजून बसवलेला असतो. ती या नळीची वात. थंड टोकाला झालेलं पाणी तिच्यातून झिरपत गरम टोकाला येतं. पंप नाही, मोटार नाही, हलणारा एकही भाग नाही. या कल्पनेचं एक पेटंट अमेरिकेत १९४४ मध्ये निघालं होतं, पण तिकडे कोणी लक्ष दिलं नाही. १९६३ मध्ये अमेरिकेतल्याच लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती अवकाशातल्या वापरासाठी स्वतंत्रपणे पुन्हा उभी केली. आज ती आपल्या दप्तरात आहे.

खरी ओढाताण इथं सुरू होते. लॅपटॉप पातळ करायचा तर ही गोल नळी चेपावी लागते. चेपली की आत वाफेला जायची वाट अरुंद होते. वात जाड ठेवावी तर वाफेची वाट कमी, वाट मोठी ठेवावी तर वात बारीक. आणि वातीची झिरपायची एक मर्यादा असते. चिपने त्याहून जास्त उष्णता ओतली, तर जेवढं पाणी वाफ होतं तेवढं परत येत नाही. गरम टोकाची वात कोरडी पडते. तेल संपलेल्या समईची वात जशी स्वतःच जळायला लागते, तसं त्या टोकाचं तापमान एकदम वर उसळतं. कंपन्या अर्थातच चिपला तिथवर जाऊ देत नाहीत, आधीच लगाम ओढतात. पातळपणाची किंमत ती ही, आणि ती वजनाच्या आकड्यात दिसत नाही.

तरीही पातळ लॅपटॉप चांगले चालतात, त्याला दुसरं एक कारण आहे. चिपला लागणारी शक्ती व्होल्टेजचा वर्ग गुणिले वेग, या प्रमाणात असते. वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावं लागतं. म्हणून ढोबळमानाने शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. उलटं वाचा: शक्ती तिप्पट केली तरी वेग तीनच्या घनमुळाइतका, म्हणजे १.४४ पटच वाढतो. ४५ वॅटचा जाडजूड लॅपटॉप १५ वॅटच्या सडपातळ लॅपटॉपच्या तिप्पट वेगवान नसतो, दीडपटीच्याही आतच राहतो. स्टीव्ह जॉब्स यांनी जानेवारी २००८ मध्ये कागदी पाकिटातून मॅकबुक एअर हा पातळ लॅपटॉप बाहेर काढला आणि २०२० च्या अखेरीस त्याच एअरमधून अ‍ॅपलने पंखाच काढून टाकला. दोन्हींच्या मागे थोडा वेग सोडून पुष्कळ उष्णता वाचवण्याचा हाच व्यवहार आहे.

आता खोलीकडे वळू. उष्णता तापमानाच्या फरकाच्या प्रमाणात वाहते. चिप शंभरवर, खोली २४ वर, म्हणजे फरक ७६. परभणी-नांदेडला मे महिन्यात दुपारी पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा स्लॅबखालची खोली ४० धरू. फरक उरला ६०. म्हणजे शक्ती एकवीस टक्क्यांनी घटली, आणि घनमुळामुळे वेग सात-आठ टक्क्यांनीच. एवढ्याने कोणी लॅपटॉप नाकारणार नाही.

पण पातळ लॅपटॉपला शंभर अंशांच्या आधी आणखी एक मर्यादा आडवी येते: बाहेरचं अंग. माणसाचा हात लागतो तो पत्रा साधारण ४५ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा बंदोबस्त असतो. धातू उष्णता पटकन त्वचेत सोडतो, म्हणून त्याच तापमानाचं लाकूड कोमट लागतं आणि पितळेचा डबा चटका देतो. आता हिशेब परत करा. २४ च्या खोलीत फरक २१ अंशांचा. ४० च्या खोलीत पाच अंशांचा. शिल्लक पावपट! बिनपंख्याचा, साधारण तेरा-चौदा इंचांचा लॅपटॉप घेतला आणि त्याच्या सगळ्या पृष्ठभागातून उष्णता सुटते असं उदारपणे धरलं, तरी थंड खोलीत तो फार तर पंचवीसएक वॅट बाहेर टाकेल. आपल्या मे महिन्यात सहा. त्याच घनमुळाच्या नियमाने वेग साठ टक्क्यांवर येतो. पंखा असला तर पुष्कळ सावरतं, पण पातळ डब्यात चिप आणि पत्रा यांच्यात अंतरच नसतं, त्यामुळे पत्र्याची मर्यादा तिथंही लवकर लागते. अ‍ॅपल स्वतःच आपल्या लॅपटॉपसाठी वापराचं तापमान १० ते ३५ अंश लिहितं. आपल्याकडे मार्चच्या मध्यापासून ते मृगाचा पाऊस पडेपर्यंतच्या दुपारी त्या आकड्याच्या बाहेर असतात.

हे सगळं लगेच जाणवत नाही, कारण लॅपटॉपचं अंग रांजणासारखं आधी उष्णता साठवून घेतं. पहिली पाच-दहा मिनिटं पूर्ण वेग मिळतो, रांजण भरला की वेग उतरतो. दुकानात आपण दोन मिनिटं बघतो, तीही एसीत. चाचण्यांचे आकडेही बहुधा थंड खोलीतले. ईमेल, एक्सेल, टाइपिंग, ऑनलाइन तास यांत काम दोन सेकंदांचं आणि विश्रांती वीस सेकंदांची, तिथं रांजण कधी भरतच नाही. माझा एक मित्र बँकांच्या ऑडिटसाठी सेलू, जिंतूर, गंगाखेड असा एसटीने फिरतो. त्याच्यासाठी सव्वा किलोचा लॅपटॉप पैसा वसूल आहे, मी बेलाशक घे म्हणालो. भाचीचं काम वेगळं. इमारतीचं रेंडरिंग, म्हणजे आराखड्यावरून खऱ्यासारखं चित्र बनवायचं काम, लावलं की चिप तासभर दम घेत नाही.

अंग तापण्यावरून आठवलं. लॅपटॉप गरम झाला की त्यातून 'रेडिएशन' निघतं, असं सांगून शे-दोनशे रुपयांची स्टिकरं विकली जातात. २०२० मध्ये तर राष्ट्रीय कामधेनू आयोगाने मोबाइलचं रेडिएशन कमी करणारी शेणाची चिप लोकांसमोर आणली, आणि शेकडो शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला. साधा विचार करा. वायफायच्या लहरी खरोखर अडल्या असत्या तर वायफायच बंद पडलं असतं. गरम पत्र्यातून निघते ती चुलीच्या भिंतीतून निघते तीच उष्णता. तिचा त्रास वेगळा आणि खरा आहे: रोज तासन्‌तास मांडीवर ठेवला तर कातडीवर जाळीदार काळे डाग पडतात. त्याला उपाय स्टिकर नव्हे, टेबल.

बॅटरीचंही सांगतो. लिथियम बॅटरी उन्हाने लवकर म्हातारी होते, आणि पूर्ण भरून गरम खोलीत ठेवलेली सगळ्यात लवकर. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते, उन्हाळ्यात ती चालू ठेवावी. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा बोर्डावरच डाखलेली असते, पुढे वाढवता येत नाही. ८ जीबी घेऊन नंतर बघू, हे तिथं चालत नाही.

खोली मात्र आपल्या हातात असते. आपली मे महिन्यातली हवा कोरडी, म्हणून कूलर इथं जसा चालतो तसा कोकणात चालत नाही. कूलरने खोली तिशीच्या आसपास आणली तर पत्र्याचा पाचाचा फरक पंधरा होतो, म्हणजे शिल्लक तिप्पट. पुन्हा तोच माठ, या वेळी नळीच्या बाहेर. फक्त कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, आणि गादीवर तर मुळीच नको, खालच्या जाळ्या बंद होतात. लाकडी पाट बरा. काळ्या मातीची बारीक धूळ पंख्याच्या पात्यांत दाटून बसते, ती वर्षातून एकदा काढून घ्यावी.

भाचीला मी सांगितलं, दुकानात जा, रेंडरिंगची एखादी फाइल पेनड्राइव्हवर ने. वीस मिनिटं चालवून दाखवा म्हण. विंडोजमधल्या टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरच्या वेगाचा आकडा दिसतो, तो सुरुवातीला आणि शेवटी लिहून घे. आणि एसीपासून लांबचं टेबल माग.

दुकानदार भला निघाला. दाराजवळचं टेबल दिलं. सव्वा लाखाच्या त्या पातळ लॅपटॉपचा आकडा नवव्या मिनिटाला उतरायला लागला. शेजारचा पावणेदोन किलोचा, दोन पंख्यांचा आणि वीसेक हजारांनी स्वस्त लॅपटॉप आवाज करत राहिला, पण विसाव्या मिनिटालाही जवळपास तिथंच होता. तिने दुसरा घेतला. सॅक जड होते म्हणून परवा कुरकुरत होती.