नदीतल्या पाणवनस्पतींचा नैसर्गिक संकर

पाण्यात वाढणाऱ्या दोन वेगळ्या जातींच्या फुलझाडांमध्ये माणसाचा हात न लागता परागीकरण होऊन तिसरीच वनस्पती तयार होते, त्याला नैसर्गिक संकर म्हणतात. ठाणे-कल्याणकडे उल्हास नदीत हिरवं काही दिसलं की आपण शेवाळ नाहीतर जलपर्णी म्हणून मोकळे होतो. पण शेवाळाला फुलं येत नाहीत, आणि जलपर्णी ही संकर नाही, दक्षिण अमेरिकेतून आलेली सरळ एक जात आहे. तिच्याकडून एक गोष्ट मात्र कळते, बी नसलं तरी नुसत्या आडव्या फुटव्यांवर ती अख्खं पात्र झाकते. वांझ संकरसुद्धा याच जोरावर टिकतात, तुटलेला तुकडा वाहत जाऊन खाली रुजतो.

सगळ्यात जास्त काम झालंय ते पोटॅमोजेटॉन या पाणवनस्पतींच्या गटावर. यातल्या नोडोसस आणि क्रिस्पस या जाती महाराष्ट्रातही आहेत. बऱ्याच जातींमध्ये गुणसूत्रं २६ किंवा ५२ असतात, पराग वाऱ्यावर नाहीतर पाण्यावरून जातात, त्यामुळे शेजारच्या जातीचे पराग सहज येऊन पडतात. हॅगस्ट्रॉम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१६ च्या ग्रंथात ढिगाने संकर नोंदवले, नंतरच्या अभ्यासकांनी त्यातले बरेच बाद केले आणि ते योग्यच वाटतं, कारण प्रवाह, खोली, उजेड बदलला की एकाच रोपाची पानं इतकी बदलतात की नुसत्या पानावरून संकर ठरवणं धोक्याचं.

खरा वाद आहे तो सुएसिकस या संकराचा. पेक्टिनाटस आणि फिलिफॉर्मिस हे त्याचे पालक (हल्ली दोघांना स्टुकेनिया या वेगळ्या गटात धरतात), आणि तो इंग्लंडात यॉर्कशरच्या व्हार्फ आणि यूर नद्यांत वाढतो, जिथे फिलिफॉर्मिस आज नाही, ती वर स्कॉटलंडकडे सापडते. १९९६ च्या आयसोझाइम (एकाच विकराची थोडी वेगळी रूपं) अभ्यासात पालक तर पक्के झालेच, शिवाय हा संकर एकदाच नाही, वेगवेगळ्या वेळी तयार झाला असंही दिसलं. मग तो तिथे आला कसा? पक्ष्यांनी आणला असेल असं म्हणता येतं, पण हिमयुगाच्या शेवटी फिलिफॉर्मिस दक्षिणेतही होती, तेव्हाचा संकर फुटव्यांवर तगून राहिला असावा हे मत जास्त पटतं. ब्रिटनमधल्या ट्वीड नदीतल्या बॉटनिकस या संकराची गोष्टही अशीच, त्याची एक पालक व्हॅजिनाटस ब्रिटनमध्ये सापडतच नाही. अर्थात काळ हजारो वर्षांचा धरायचा तो अंदाजानेच.

ओळखायचं तर फुलोरा हातात घेऊन भिंगातून बघावा. पोटॅमोजेटॉनच्या फुलात चार पुंकेसर आणि साधारण चार स्त्रीकेसर असतात. वांझ संकरात परागकोश बहुतेक उघडतच नाहीत, आतले पराग सुरकुतलेले, आणि फळं न भरता चपटी राहून सुकतात. काही संकर थोडेफार सुपीक असतात, म्हणून शेवटचा निकाल डीएनएवरच लागतो. जपानच्या बिवा सरोवरातल्या अँग्विलानस या संकरात तर आई कोणती तेही क्लोरोप्लास्टच्या (पेशीतल्या हरितकणाच्या, जो सहसा आईकडूनच येतो) डीएनएवरून कळतं.

आपल्याकडे बघायचं तर कल्याणच्या वर, गोड्या पाण्याच्या पट्ट्यात. खाली खाडीचं खारं पाणी चढतं, तिथे या गटातली पेक्टिनाटस सोडली तर फारशी कुणी तग धरत नाही.

संकराचा त्रासही होतो. अमेरिकेत मिरिओफायलम या दुसऱ्या पाणवनस्पतीच्या परदेशी आणि देशी जातींचा संकर २००२ मध्ये डीएनएवरून सिद्ध झाला, आणि त्याच्या काही प्रकारांवर नेहमीचं तणनाशक कमी चालतं. तिथला पाणकणसाचा संकरही पाणथळ जागा व्यापून टाकतो.