जबडा काढल्यावर छातीचं मांस लावायचं की पायाचं हाड?

कपाळाची कातडी वळवून नाक बनवणं आपल्याकडे जुनंच, 1794 ला लंडनच्या एका मासिकात पुण्यातल्या अशा ऑपरेशनचं वर्णन चित्रासकट आलं आणि तिकडचे सर्जन जागे झाले. पण ते कापलेल्या नाकासाठी होतं. कॅन्सरसाठी गाल-जबडा काढल्यावर पडणारं भगदाड वेगळंच प्रकरण. 1965 च्या आसपास छाती-खांद्याच्या कातडीचा फ्लॅप, म्हणजे रक्तपुरवठा राखून दुसरीकडे लावायचा तुकडा, आला, पण त्यात पुन्हा दुसरं ऑपरेशन लागायचं.

खरा फरक पडला 1979 ला. छातीचा स्नायू वरच्या कातडीसकट उचलायचा, रक्तवाहिनी तोडायची नाही, कॉलरबोनवरून गळ्यातून तोंडात आणायचा. यालाच पीएमएमसी म्हणतात. एकाच ऑपरेशनात काम, मायक्रोस्कोप नको. तंबाखू-गुटख्याच्या पेशंटची रांग लागलेल्या आपल्या हॉस्पिटलांनी तो उचलून धरला यात नवल नाही. पुरुषांना कधीकधी तोंडात छातीचे केस उगवतात, गळ्याला फुगवटा राहतो, पण जखम बंद होते.

1989 ला पायातल्या फिब्युला हाडाचा जबडा झाला आणि तिथून वाद सुरू झाला तो अजून चालूच आहे. हाडाचे तुकडे पाडून कमानीसारखे धातूच्या प्लेटवर बसवायचे, दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली जोडायच्या, ऑपरेशन आठ-दहा तास चालतं, आणि मग पहिले दोन-तीन दिवस सिस्टर दर तासाला फ्लॅपचा रंग बघते, शंका आली तर सुई टोचतात, लालभडक रक्त आलं तर ठीक, काळपट आलं की शीर तुंबली, पेशंट परत ओटीत. बाहेरच्या पुस्तकांत पीएमएमसी आता शेवटचा पर्याय, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी तोच पहिला. त्याला मागासलेपणा म्हणणाऱ्यांनी ओटीची वेटिंग लिस्ट बघावी, ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांत रेडिएशन सुरू व्हायला हवं तेही लक्षात घ्यावं.

तरी एक गोष्ट मानावी लागते, हनुवटीचं हाड गेलं तर छातीचं मांस पुरत नाही. ओठ आत जातो, लाळ गळते, जीभ मागे पडते. प्लेट टाकून वर पीएमएमसी केला तर रेडिएशननंतर ती प्लेट कातडीतून बाहेर येऊ शकते, मग ती काढा. जबड्याची मागची बाजू गेली असेल तर हाडाशिवाय बऱ्याच जणांचं भागतं, जबडा थोडा एका बाजूला सरकतो आणि चावायला त्रास होतो तेवढा. आता सीटी स्कॅनवरून थ्रीडी मॉडेल छापून हाड कुठे कापायचं ते आधीच ठरवतात, त्यामुळे फिब्युलाचा वेळ थोडा वाचतो, खर्च मात्र वाढतो.