काँक्रीट रस्त्याचे भाराखाली वाकणे : सोलापूर परिसर

चाक चढले की काँक्रीट रस्त्याची लादी किंचित खाली वाकते आणि चाक पुढे गेले की पूर्ववत होते. ही वाक डोळ्यांना दिसत नाही. 30 सेंमी जाडीची लादी भिजलेल्या काळ्या मातीवर थेट टेकवून तिच्या मध्यावर 5 टनांचा चाकभार ठेवला, तर अभियंते वेस्टरगार्ड यांच्या 1926 च्या सूत्रांनुसार ती मिलिमीटरच्या सहाव्या हिश्श्याइतकीच वाकते. तोच भार लादीच्या मोकळ्या कडेला आला की वाक तिपटीहून जास्त होते, आणि कोपऱ्यावर त्याहूनही जास्त. म्हणून रस्ता आधी कडेला आणि कोपऱ्यात तुटतो.

लादीचा ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. 20 सेंमीची लादी 30 सेंमी केली की ताठपणा सव्वातीन पटीहून अधिक वाढतो आणि वाक जवळपास निम्म्यावर येते. काँक्रीटचा दर्जा वाढवून एवढा फरक पडत नाही.

सळ्यांविषयी मात्र मोठा गैरसमज आहे. आरसीसी रस्ता म्हटले की लोखंडामुळे तो वाकणारच नाही, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात लादी अखंड असेपर्यंत नेहमीच्या प्रमाणातली जाळी ताठपणात जेमतेम भर घालते. तिचे काम तडा गेल्यावर सुरू होते. ती तडा रुंदावू देत नाही, त्यामुळे तड्याच्या दोन्ही बाजूंची खडी एकमेकींत अडकून राहते आणि भार पलीकडे पोचतो. दोन लाद्यांच्या सांध्यात हेच काम डॉवेल बार, म्हणजे सांध्याच्या आरपार घातलेल्या सळ्या, करतात. ते सैल पडले किंवा गंजून झिजले, तर सांध्याची कड एकटी पडते आणि मोकळ्या कडेसारखी वाकू लागते.

सोलापुरात खरा प्रश्न लादीच्या खाली आहे. बेसाल्टपासून झालेली इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. भिजल्यावर तिचा सीबीआर, म्हणजे माती भार किती पेलते याचे माप, 2 ते 3 टक्क्यांवर येतो. आधार चौपट घट्ट केला तर लादीच्या मध्यावरची वाक निम्मी होते, पण काँक्रीटमधला ताण त्या मानाने फारसा उतरत नाही. म्हणूनच आधार नुसता कडक असण्यापेक्षा सर्वत्र सारखा असणे महत्त्वाचे. काळी माती काढून चांगला मुरूम दाबणे आणि त्यावर डीएलसीचा (कमी सिमेंटच्या कोरड्या काँक्रीटचा) थर देणे यासाठीच असते. सांध्यातून पाणी झिरपले की प्रत्येक चाकासरशी खालचा गाळ उसळून बाहेर येतो. सांध्याच्या कडेला मातकट डाग दिसू लागले तर तिथे पोकळी धरली आहे असे समजावे. शहरात पाइपलाइनसाठी रस्ता कापून चर सैल भरला की अगदी अशीच पोकळी माणूस स्वतः करून ठेवतो.

ऊन हाही एक भारच आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. दुपारी लादीचा वरचा भाग तापून फुगतो, मध्य उचलला जातो आणि कडेवरून चाक गेले की तळाला ताण पडतो. रात्री वरचा भाग आधी निवतो आणि कडा वाळत्या पापडासारख्या वर येतात. मग लादीच्या दोन टोकांवर गाडीचे आस (अॅक्सल) आले तर तडा वरून खाली जातो. काँक्रीट रस्त्यांच्या आखणीच्या आयआरसी:58 या भारतीय संहितेत सकाळी 10 ते दुपारी 4 आणि मध्यरात्री 12 ते पहाटे 6 या वेळांतली वाहतूक वेगवेगळी तपासतात ती याचसाठी. सांधे सुमारे साडेचार मीटरवर ठेवले की हा ताण आटोक्यात राहतो.

भाराचा परिणाम तर फार तीव्र आहे. 2018 मध्ये चार टायरच्या एका आसाची कायदेशीर मर्यादा 10.2 वरून 11.5 टनांवर गेली, आणि गाळप हंगामात उसाच्या गाड्या तीही ओलांडतात. आयआरसी:58 च्याच निकषाने, ताण काँक्रीटच्या वाकताना टिकणाऱ्या ताकदीच्या 45 टक्क्यांखाली असेल तर फेऱ्यांना मर्यादा नाही. 55 टक्क्यांवर सुमारे सव्वा लाख फेऱ्या चालतात, 65 टक्क्यांवर आठ हजारसुद्धा नाहीत.

रस्त्याची वाक मोजायला वजन आपटून चालणारे यंत्र वापरतात. पहाटे उचललेल्या कोपऱ्यावर आणि भर दुपारी त्याच कोपऱ्यावर घेतलेले आकडे जुळत नाहीत, तेव्हा मोजणीची वेळ आणि लादीचे तापमान नोंदवल्याशिवाय त्या आकड्यांवरून दुरुस्ती ठरवू नये.