तळघरातले १२ अंश

इंग्लंडला जाऊन आलेल्या आपल्या मंडळींची एक ठरलेली तक्रार असते. तिथल्या खेड्यातल्या पबमध्ये बिअर मागितली की कोमट येते, बुडबुडे जेमतेम, आणि वर देणाऱ्याच्या चेहऱ्यावर अभिमान. यातलं ‘कोमट’ हे काही खरं नाही. नीट चाललेल्या पबच्या तळघरात बिअर ११ ते १३ अंश सेल्सिअसला ठेवलेली असते. फ्रिजमधून काढलेली लागर, म्हणजे आपल्याकडे सर्रास मिळणारी बिअर, ३-४ अंशांची असते आणि आपली जीभ तिला सरावलेली आहे, म्हणून ही कोमट वाटते. पण मग १२च अंश का? आळस म्हणावा तर रोज थर्मामीटर पाहणारी ही माणसं आहेत. नुसती परंपरा म्हणावी, तर तिच्यामागे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि एका माशाचं प्रथिन असं सगळं दाटीवाटीने उभं आहे.

आधी ही बिअर म्हणजे काय ते पाहू. तिला तिकडे ‘रिअल एल’ म्हणतात; एल हा बिअरचाच एक प्रकार. १९६०च्या दशकात ब्रिटनमधल्या मोठ्या कंपन्यांनी बिअर गाळून, पाश्चराइज करून, वरून कार्बन डायऑक्साइड दाबून भरण्याचा सपाटा लावला. अशी बिअर टिकाऊ, सगळीकडे सारख्या चवीची आणि विकायला सोपी असते. त्यावर वैतागलेल्या चौघांनी १९७१मध्ये ‘कॅमरा’ (आजचं पूर्ण नाव ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’) ही ग्राहकांची चळवळ सुरू केली. त्यांची व्याख्या साधी होती: ज्या पिंपातून बिअर वाढायची त्याच पिंपात ती पुन्हा एकदा आंबलेली असावी, आणि वाढताना बाहेरचा वायू तिच्यात घुसवू नये. म्हणजे ब्रुअरीतून निघालेलं पिंप हा अर्धवट माल असतो. उरलेलं काम पबच्या तळघरात व्हायचं असतं आणि ते करणारे कामगार पिंपातच बसून येतात.

हे कामगार म्हणजे यीस्ट. पिंपातल्या दर मिलिलिटर बिअरमध्ये यीस्टच्या काही लाख ते दहा-वीस लाख जिवंत पेशी असतात आणि त्यांच्यासाठी थोडी साखर मुद्दाम शिल्लक ठेवलेली असते. ग्लुकोजच्या एका रेणूपासून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू मिळतात. हिशेब केला तर लिटरभर बिअरमध्ये लिटरभर वायू तयार व्हायला जेमतेम चार ग्रॅम साखर पुरते. बुडबुडे हवे तेवढेच यावेत हे सांभाळणं किती नाजूक आहे ते यावरून कळेल.

पिंप पबमध्ये आलं की तळघरातल्या लाकडी घोडीवर आडवं ठेवतात. आडवंच, कारण त्याचं पोट फुगीर असतं आणि तळाशी बसणारा साका त्या खोलगट भागात जमतो, तोटीपर्यंत येत नाही. वरच्या बाजूला लाकडी बूच असतं. त्याच्या मधोमध मोगरीने एक बारीक खुंटी ठोकतात. ही पहिली खुंटी सच्छिद्र असते, बांबूची किंवा मऊ लाकडाची. ठोकल्याबरोबर आतला कोंडलेला वायू फसफसत तिच्यातून बाहेर येतो आणि वर फेस जमतो. तो पुसायचा, थोडा वेळ थांबायचं, पुन्हा फेस येतो का पाहायचं. फेस परत येईनासा झाला की यीस्टचा जोर ओसरला असं समजून मऊ खुंटी काढायची आणि टणक, हवाबंद खुंटी बसवायची. लवकर बदलली तर बिअर ग्लासात उसळते, उशीर केला तर सपक होते. हे ठरवणारं कुठलंही यंत्र तळघरात नसतं. असतो तो पबवाला, त्याचे डोळे आणि एक फडकं.

आता वायूचं. द्रवात वायू किती विरघळणार हे दोन गोष्टींवर ठरतं: द्रवावरचा दाब आणि द्रवाचं तापमान. दाबाचा नियम मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीने १८०३मध्ये मांडला. सच्छिद्र खुंटी लावलेल्या पिंपात दाब बाहेरच्या हवेइतकाच असतो, त्यामुळे सगळं तापमानावर येऊन ठेपतं. शून्य अंशाला लिटरभर बिअर सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड धरून ठेवते, १२ अंशांना साधारण १.१ लिटर, आणि २० अंशांना लिटरभरही नाही. दाबाने भरलेल्या लागरमध्ये हे प्रमाण अडीच लिटरच्या आसपास असतं. म्हणजे ‘बुडबुडे जेमतेम’ ही तक्रार रास्तच आहे. जेमतेम हेच उद्दिष्ट आहे. लागरचा जिभेला बसणारा चटका बराचसा या वायूचा असतो. कार्बन डायऑक्साइडपासून जिभेवर आम्ल तयार होतं आणि आंबट चव ओळखणाऱ्या पेशींना ते जाणवतं. तो आवाज कमी केला की माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीची, भाजकी गोडी आणि हॉप्स या फुलांचा कडवटपणा ऐकू येऊ लागतो.

मग आणखी गार करून ५ अंशांवर का ठेवत नाहीत? वायू तर जास्त टिकेल. इथे दुसरी अडचण उभी राहते. बार्लीतली काही प्रथिनं आणि हॉप्स व माल्टमधली पॉलिफेनॉल्स ही तुरट द्रव्यं थंडीत एकमेकांना धरून बसतात आणि बिअर धुरकट होते. तापमान वाढवलं की हा धुरकटपणा जातो. मोठ्या कंपन्या ही प्रथिनं आधीच गाळून टाकतात, पण इथे गाळायचं नाही असाच तर निश्चय आहे. शिवाय गारठ्यात यीस्ट झोपी जातं आणि जिभेलाही कमी कळतं. चवीच्या पेशींमध्ये टीआरपीएम-५ नावाचं एक प्रथिन असतं. गोड आणि कडू चवीचे संदेश पुढे जाण्यात त्याचा हात असतो आणि तापमान वाढलं की ते अधिक जोमाने काम करतं, असं २००५मध्ये दाखवलं गेलं. पार गोठवलेल्या बिअरच्या जाहिराती कोणत्या बिअरच्या असतात हे त्यावरून ज्याने त्याने ताडावं.

आणि मासा? यीस्टचं काम संपलं की ते बिअरमध्ये तरंगत राहतं. आपोआप खाली बसायला बरेच दिवस लागतात आणि तेवढा वेळ पबकडे नसतो. म्हणून ब्रुअरी पिंपात आयसिंगग्लास घालून पाठवते. हे माशाच्या वाताशयापासून, म्हणजे त्याच्या पोटातल्या हवेच्या फुग्यापासून, काढलेलं कोलॅजन नावाचं प्रथिन. यीस्टच्या पेशीवर ऋण विद्युतभार असतो, बिअरच्या आम्लात या कोलॅजनवर धन भार येतो. दोन्ही एकमेकांना चिकटतात, गोळे जड होतात आणि तळाला जातात. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो तेव्हा नेमकं हेच घडतं. तिथे मातीचे ऋणभारित कण असतात आणि तुरटीतलं धनभारित अ‍ॅल्युमिनियम त्यांना गोळा करतं. आयसिंगग्लासची मौज अशी की ते हलवलं गेलं तर पुन्हा खाली बसतं, त्यामुळे ट्रकमधून हिंदकळत आलेलं पिंपही दिवसभरात निवळतं. मात्र उष्णता त्याला सोसत नाही. २० अंशांच्या पुढे कोलॅजनची तिपेडी वेणी उसवू लागते आणि मग ते कुचकामी ठरतं. तळघर गार हवं याचं हे आणखी एक कारण.

पूर्वी हे वाताशय रशियातून, स्टर्जन माशाचं यायचं आणि महाग पडायचं. वाफेच्या इंजिनांवर काम करणाऱ्या विल्यम मर्डॉकने १७९५मध्ये त्याऐवजी कॉड मासा चालतो असं दाखवलं आणि लंडनच्या ब्रुअरींनी त्याला दोन हजार पौंड दिले. पुढे उष्ण समुद्रांतले मासेही आले, कारण त्यांचं कोलॅजन थोडी जास्त उष्णता सहन करतं. आपल्या पालघरच्या किनाऱ्यावर घोळ माशाला जो लाखांचा भाव मिळतो तोही त्याच्या पोटातल्या फुग्यामुळेच. शाकाहारी वाचकांनी एव्हाना कान टवकारले असतील. आयसिंगग्लास साक्यात जातं, ग्लासात जवळपास येत नाही. पण ज्यांना तेवढंही नको त्यांच्यासाठी आता न निवळलेली, धुरकट रिअल एल मिळते. पबमध्ये विचारलं तर सांगतात.

सगळ्या बाजूंनी कुंपण घातल्यावर मध्ये उरतात ते १२ अंश. पण हा आकडा प्रयोगशाळेत सापडला नाही. दक्षिण इंग्लंडमध्ये जमिनीखाली काही मीटर गेलं की तापमान बाराही महिने १० ते ११ अंशांच्या आसपास राहतं, कारण माती आणि दगड उष्णता फार सावकाश वाहून नेतात आणि उन्हाळा-हिवाळ्याचा फरक वरच्या थरातच मुरून जातो. बर्फ बनवणारी यंत्रं येण्याआधी कित्येक पिढ्या लोक तळघरात पिंपं ठेवत होते. माझ्या मते उलटा विचार करायला हवा: बिअरला मानवणारं तापमान त्यांनी शोधलं नाही, तिथल्या जमिनीला मानवेल अशी बिअर त्यांनी घडवत आणली. मुंबईत जमिनीखाली तापमान २७ अंशांच्या आसपास असतं. तिथे हे पिंप आपलं आपण तयार व्हायला ठेवलं असतं तर यीस्ट बेफाम सुटलं असतं आणि त्याच्यामागोमाग जिवाणू.

तरीही पिंपं मुंबईला आलीच. एकोणिसाव्या शतकात लंडन आणि बर्टन-ऑन-ट्रेंटची पेल एल केप ऑफ गुड होपला वळसा घालून, चार-पाच महिने बोटीत हिंदकळत, दोनदा विषुववृत्त ओलांडून इथल्या गोऱ्या साहेबांपर्यंत पोचायची. ती टिकायची याचं श्रेय बरंचसं हॉप्सना. हॉप्समधली कडू आम्लं जिवाणूंच्या पेशीपटलातून प्रोटॉन आत सोडतात आणि त्यांचा आतला समतोल बिघडवतात. बिअर आंबट करणारे बरेच जिवाणू त्याने आटोक्यात राहतात, यीस्टला मात्र विशेष फरक पडत नाही. शिवाय साखर आधीच बहुतेक संपवलेली असायची, म्हणजे जिवाणूंना खायलाही फारसं नाही. आज पुण्या-मुंबईत आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, म्हणून जी मिळते तिच्या नावातलं ‘इंडिया’ ते हे.

तापमानाचं हे वेड एकदा भौतिकशास्त्राच्याही कामी आलं. उष्णता आणि कार्य एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत हे मोजून दाखवणारा जेम्स ज्यूल हा सॅल्फर्डच्या ब्रुअरीवाल्याचा मुलगा. पाणी नुसतं ढवळून त्याचं तापमान किंचित वाढतं असं तो सांगायचा, आणि तो फरक फॅरनहाइटच्या एका अंशाच्या दोनशेव्या भागापर्यंत वाचल्याचा त्याचा दावा होता. मोठमोठ्या शास्त्रज्ञांचा त्यावर विश्वास बसेना. आंबवणीच्या टाक्यांपाशी वाढलेल्या माणसाला अर्ध्या अंशाची किंमत जास्त कळते, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

हे सगळं अगदी उघड्यावर पाहायचं असेल तर डॉर्सेटमधल्या वर्थ मॅट्रॅव्हर्स या गावी ‘स्क्वेअर अँड कंपस’ नावाचा पब आहे. तिथे नेहमीसारखा बार काउंटरच नाही. भिंतीतल्या छोट्या खिडकीशी उभं राहायचं; पलीकडे पिंपं रचलेली असतात आणि बिअर तोटीतून थेट ग्लासात येते. गाव ज्युरासिक किनाऱ्याच्या दगडखाणींचं, त्यामुळे शेजारच्या खोलीत जीवाश्मांचं छोटं संग्रहालय. खायला पेस्टी: पिठाच्या जाड पारीत भाजलेलं सारण, मांसाचं किंवा भाजीचं. फारसं काही नाही, पण पबमधलं खाणं असंच असतं आणि त्यातला धागा एकच आहे, मीठ. पेस्टी, चेडर चीज, लोणच्यातले कांदे, तळलेली डुकराची कातडी, सगळं खारट. मिठामुळे तहान लागते आणि गल्ला भरतो, हे आहेच. पण फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रात पॉल ब्रेस्लिन आणि गॅरी बोशाँ यांनी १९९७मध्ये दाखवलं की सोडियम कडू चवीला दाबतं आणि तिच्याखाली झाकलेली गोडी वर येते. खारट चीजचा तुकडा खाऊन घेतलेला बिअरचा घोट कमी कडू आणि अधिक माल्टदार लागतो तो यामुळे. पाव, चीज आणि लोणच्याच्या ज्या ताटलीला ‘प्लाउमन्स लंच’, म्हणजे नांगरट्याचं दुपारचं जेवण, म्हणतात तिचा गवगवा मात्र दूध विकणाऱ्या मंडळाने १९६०च्या दशकात केला. शेतकरी बिचारा नावापुरता.

खेड्यातल्या पबची खरी अडचण पिंप उघडल्यावर सुरू होते. जेवढी बिअर बाहेर जाते तेवढी हवा आत येते, आणि हवेबरोबर ऑक्सिजन. अल्कोहोलपासून व्हिनेगर बनवणाऱ्या जिवाणूंना हेच हवं असतं. विरघळलेला वायूही निसटत जातो. पहिल्या दिवशी थोडी हवा लागल्याने चव खुलते असं जाणकार सांगतात. तिसऱ्या दिवसानंतर मात्र ती उतरणीला लागते. नेहमीचं पिंप, त्याला फर्किन म्हणतात, ९ गॅलनचं, म्हणजे ७२ पाइंट, आपल्या मापात ४१ लिटर. चार प्रकारची बिअर ठेवायची तर तीन दिवसांत २८८ पाइंट खपले पाहिजेत, दिवसाला ९६. शहरात हे जमतं. फेब्रुवारीतल्या पावसाळी मंगळवारी, दोनशे वस्तीच्या गावात नाही जमत. म्हणून अनोळखी गावातल्या पबमध्ये बिअर वर खेचायच्या हातपंपाचे आठ दांडे, म्हणजे आठ पिंपं, ओळीने दिसले तर मी सावध होतो. दोनच असले तर बरं वाटतं. काही पब ३६ पाइंटचं छोटं पिंप घेतात. काही जण पिंपाला एक झडप लावतात: बिअर काढली की हवेऐवजी तेवढाच कार्बन डायऑक्साइड, हवेच्याच दाबाने, आत येतो. दाब वाढत नाही, त्यामुळे हेन्रीच्या नियमाने बिअरमध्ये जास्तीचा वायू घुसत नाही आणि ऑक्सिजन बाहेर राहतो. तरीही ‘बाहेरचा वायू नको’ या व्याख्येपायी कॅमराने या झडपेला अनेक वर्षं विरोध केला. २०१८च्या वार्षिक सभेत तो विरोध मागे घेतला गेला, आणि आता झडप लावायची की नाही हे ज्याच्या-त्याच्या तळघरावर सोडलेलं आहे.